एनजीसी २४७७ शोधताना या चुका टाळा

कापसाचा शेवटचा वेचा आटोपला की आमच्या यवतमाळकडच्या पोरांच्या दुर्बिणी बाहेर निघतात आणि मला निरोप यायला लागतात. "भाऊ, २४७७ पाहिला!" सोबत आयपीसला, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतो त्या भिंगाला, मोबाईल टेकवून काढलेला फोटो. फोटोत दहा-बारा ठसठशीत तारे आणि मधोमध एक नारिंगी. बघताक्षणी कळतं की हा २४७७ नाही, शेजारचा २४५१ आहे. तसं सांगितलं की समोरच्याला राग येतो. गेल्या वर्षीही हेच झालं, यंदाही हेच चाललंय. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी थोडी माहिती. एनजीसी (ही गुच्छ, तेजोमेघ अशा वस्तूंची यादी) २४७७ हा दक्षिण आकाशातला खुला तारकागुच्छ. तो पपिस, म्हणजे आपल्या पुस्तकांतल्या अरित्र तारकासमूहात आहे. अंतर सुमारे चार हजार प्रकाशवर्षं. लाकाय नावाच्या फ्रेंच खगोलज्ञाने तो १७५१-५२ च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून, केप ऑफ गुड होपहून नोंदवला. जुन्या अवाढव्य नौका तारकासमूहाचे तुकडे करून पपिस, वेला, कॅरिना असे भाग पाडणारा तोच. त्याच्या सर्वेक्षणाच्या दुर्बिणीचं भिंग जेमतेम अर्ध्या इंचाचं होतं आणि ती वस्तू आठपट मोठी दाखवायची. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. मेसिए या फ्रेंच खगोलज्ञाच्या यादीत हा गुच्छ नाही, कारण पॅरिसहून तो क्षितिजाच्या दोन-तीन अंशच वर येतो. आपल्याकडे मात्र तो चांगला ३१ अंशांवर चढतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. म्हणजे दक्षिण क्षितिजापासून तीन मुठी वर. एवढी सोय असताना चुकीचा गुच्छ पाहून घरी जायचं म्हणजे काय म्हणावं!

सगळ्यात मोठी चूक: जे ठळक दिसलं तेच आपलं

२४७७ पासून जेमतेम दीड अंशावर २४५१ आहे. तो मोठा, विखुरलेला, तेजस्वी. चाळीसेक तारे, आणि त्यांच्यात सी पपिस नावाचा ३.६ प्रतीचा नारिंगी तारा. (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा ठळक.) साध्या बायनॉक्युलरमध्येही डोळ्यात भरतो. (गंमत अशी की तो एक गुच्छ नाहीच. सुमारे सहाशे आणि बाराशे प्रकाशवर्षांवरचे दोन गुच्छ एकामागे एक आल्यामुळे आपल्याला एक दिसतात.) २४७७ शेजारी गपचूप पुसट डागासारखा पडलेला असतो. नवशिका फिरत फिरत त्या भागात पोचतो, पहिला झगमगाट दिसतो आणि शोध संपतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी फाल्गुन लागायच्या आधी तालुक्याची चार पोरं आमच्या ओळखीच्या एका काकांच्या वावरात आली. सोबत आठ इंची, स्वतःहून तारे शोधणारी दुर्बीण. हप्त्यांवर घेतलेली, त्यामुळे तिच्यावर श्रद्धा फार. पोरांनी व्याधावर आणि आणखी एका ताऱ्यावर जुळवणी केली, रिमोटवर २४७७ टाईप केलं, मोटर गुरगुरली, दुर्बीण थांबली. एकाने डोळा लावला आणि "आला, आला!" म्हणून ओरडला. दुसऱ्याने वहीत लिहिलंसुद्धा: 'एनजीसी २४७७, सुमारे ३०० तारे.' आकडा ॲपवर वाचलेला होता. समोर चाळीसही नव्हते, पण मोजतो कोण.

मी विचारलं, "मधे नारिंगी तारा आहे का रे?"

"आहे ना भाऊ, लय भारी दिसते!"

"मग तो नाही."

पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी त्यांच्या दुर्बिणीला शिवी दिली. "भाऊ, मशीन चुकत नाही." मशीन चुकलं नव्हतंच. काकांच्या वावरात रात्रीची लाईन आली होती आणि गव्हाचं ओलित चालू होतं. तिपाईचा एक पाय भिजलेल्या मातीत हळूहळू रुतत होता. जुळवणी झाली तेव्हा दुर्बीण जशी उभी होती, तशी ती राहिलीच नव्हती. यंत्राच्या हिशोबाने ते बरोबर जागी होतं, आकाशाच्या हिशोबाने दीड अंश बाजूला. आणि नेमका दीड अंशावर दुसरा गुच्छ बसलेला! यापेक्षा रिकामी जागा दिसली असती तर बरं झालं असतं, निदान शंका तरी आली असती. मी तिपाईखाली हात घालून रुतलेला पाय दाखवला तेव्हा कुठे आवाज खाली आले. काका फावडं घेऊन बाजूनेच जात होते. म्हणाले, "तुमचं सापडे लोक माहं सारं ओलित हून जाते."

म्हणून माझी सवय सांगतो. वावरात दुर्बीण लावायची तर तिपाईच्या तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे किंवा लाकडी फळ्या ठेवतो. ओलित चालू असेल तर सरळ धुऱ्यावर किंवा बैलगाडीच्या कोरड्या वाटेवर जातो. आणि यंत्र काहीही म्हणो, ओळख शेजाऱ्यांवरूनच पटवतो. ती अशी.

दक्षिणेकडे तोंड करा. व्याधाच्या खाली बृहल्लुब्धकाच्या (व्याध ज्यात आहे त्या तारकासमूहाच्या) मागच्या पायांचा आणि शेपटीचा त्रिकोण दिसतो. त्यातला सगळ्यात डावीकडचा अलुद्रा. तिथून खाली डावीकडे एका मुठीपेक्षा थोडं जास्त गेलं की नाओस, म्हणजे झीटा पपिस. प्रत २.२, निळसर पांढरा, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात उष्ण ताऱ्यांपैकी एक. नाओसच्या खाली सात अंशांवर गॅमा वेला आहे, तो नाओसपेक्षा तेजस्वी. त्यालाच नाओस समजलात तर पुढची सगळी वाट चुकली.

नाओसपासून उजवीकडे वर चार अंशांवर तो नारिंगी सी पपिस. या दोघांमध्ये मनात रेघ ओढा. निम्म्याच्या जरा पुढे, रेघेला जवळजवळ चिकटून, बी पपिस नावाचा ४.५ प्रतीचा एकटा तारा आहे. त्याच्या अगदी वर, अर्ध्या अंशाच्याही आत, जो धुरकट डाग दिसेल तो २४७७. बी हा त्याचा राखणदार. राखणदार शेजारी नसेल तर गुच्छ तुमचा नाही, मग ॲपवर काहीही लिहिलेलं असो. १० बाय ५० च्या बायनॉक्युलरमध्ये नाओस, बी, सी आणि दोन्ही गुच्छ एकदम मावतात. म्हणून मी कितीही मोठी दुर्बीण सोबत असली तरी आधी गळ्यातला बायनॉक्युलर लावतो. ज्यांना हे कमीपणाचं वाटतं त्यांनी लाकायचं अर्ध्या इंचाचं भिंग आठवावं.

थोडं पुढे गेलेल्यांसाठी अजून एक सापळा आहे. "नारिंगी तारा, त्याभोवती गुच्छ" एवढंच पाठ करून काही जण सीच्याही उजवीकडे साडेपाच अंशांवरच्या पाय (ग्रीक अक्षर π) पपिसवर जाऊन थांबतात. तोही नारिंगी, शिवाय २.७ प्रतीचा म्हणजे सीपेक्षा ठळक, आणि त्याच्याभोवतीही कॉलिंडर १३५ नावाचा विरळ गुच्छ आहे. तिथून मोजायला लागलं की २४५१ लाच २४७७ म्हणायची पाळी येते. दोन नारिंगी ताऱ्यांतला कमी तेजस्वी, नाओसच्या बाजूचा, तो सी.

५.८ वाचून फसणं

पुस्तकात २४७७ ची प्रत ५.८ लिहिलेली असते. मग लोक म्हणतात, अंधाऱ्या गावात सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं, म्हणजे हा नुसत्या डोळ्यांनी दिसायलाच हवा. ५.८ ही सगळ्या ताऱ्यांच्या प्रकाशाची बेरीज आहे. तो प्रकाश जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेत पसरलेला आहे आणि गुच्छातला सगळ्यात तेजस्वी तारासुद्धा दहाव्या प्रतीच्या आसपासचा. म्हणून बायनॉक्युलरमध्ये तारे दिसणार नाहीत, डागच दिसेल. पाच-सहा इंचाच्या दुर्बिणीत, काळोख चांगला असेल तर, डागातून बारीक तारे फुटायला लागतात. आठ इंचात तर काळ्या घोंगडीवर पीठ चाळल्यासारखा दिसतो. पण त्या आधी डाग हाच गुच्छ म्हणून ओळखता आला पाहिजे. "तारेच दिसत नाहीत, मग गुच्छ कसला" म्हणून पुढे सरकणाऱ्यांचा हा गुच्छ डोळ्यासमोरून निघून जातो.

मोठं करून बघण्याची हौस

यावर मी खरंच कंटाळलो आहे. दुर्बीण विकणारे खोक्यावर ठळक अक्षरात कितीपट दिसतं ते छापतात आणि घेणारा तेवढाच आकडा वाचतो. १३० मिलीमीटर आरशाची, ६५० नाभीय अंतराची दुर्बीण आपल्याकडे बऱ्याच जणांकडे आहे. तिला २५ मिलीमीटरचा आयपीस लावला की २६ पट आणि जवळपास दोन अंश आकाश दिसतं. २४७७ सकट शेजारचे तारे आत येतात, आजूबाजूचा अंधार राहतो, गुच्छ उठून दिसतो. तिथेच १० मिलीमीटरचा आयपीस आणि तीनपट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावला की १९५ पट होतं आणि दिसणारं आकाश पाव अंश उरतं. गुच्छच त्यापेक्षा मोठा आहे! म्हणजे तुम्ही गुच्छाच्या आत शिरलेले असता आणि "काहीच दिसत नाही" म्हणून गुच्छ शोधत असता. वर प्रतिमा काळवंडते, फोकस हलतो, तारा धरला की निसटतो.

बार्लो घरी ठेवा. शनीची कडी बघायला आणा, या कामाला नको. सगळ्यात कमी पट देणारा आयपीस लावा, गुच्छ मधोमध आणा, पाच मिनिटं तिथेच थांबा. मग हवं तर एक पायरी वर चढा. पाच मिनिटं थांबा म्हटलं की पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. तेवढ्या वेळात त्यांना चार वस्तू 'झाल्या' म्हणून टिक करायच्या असतात.

वेळ आणि धूर

संध्याकाळी साडेसातला दुर्बीण लावून "दक्षिणेला काही दिसत नाही" म्हणणारे जानेवारीत भेटतात. आमच्याकडे २४७७ दक्षिणेला सगळ्यात उंच असतो तो जानेवारीच्या मध्यात रात्री साडेबाराच्या सुमाराला, फेब्रुवारीच्या मध्यात साडेदहाला आणि मार्चच्या मध्यात पावणेनऊच्या आसपास. त्याच्या मागेपुढे तासाभरात बघा. पंधरा अंशांखाली उतरल्यावर नाद सोडा. तिथे नजरेला फार जाड हवा पार करावी लागते. एकतीस अंशांवरही ती डोक्यावरच्या हवेच्या जवळपास दुप्पट असतेच. लाकायला तो डोक्याच्या जवळ मिळत होता, आपल्याला नाही.

हवा नुसती जाड असती तरी चाललं असतं. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) उपटून जाळायचे दिवस. थंडीच्या रात्री तो धूर वर जात नाही, जमिनीलगत थर धरून बसतो. त्यात वीटभट्टी दक्षिणेला असली तर संपलंच. डोक्यावर कृत्तिका लख्ख दिसतात म्हणून आकाश स्वच्छ समजू नका, आपलं काम तीन मुठींवर आहे. माझी परीक्षा सोपी आहे: बी पपिस नुसत्या डोळ्यांनी दिसतो का? दिसला तर दुर्बीण काढतो. नाही दिसला तर मृगातला तेजोमेघ बघून चहा घेतो.

गावाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं याचाही कोणी विचार करत नाही. आता प्रत्येक ग्रामपंचायतीने चौकात हायमास्ट लावलाय. गावाच्या दक्षिणेला जा, म्हणजे दिवे पाठीमागे राहतील. उत्तरेच्या वावरात उभं राहिलात तर गुच्छाऐवजी हायमास्टकडेच तोंड होईल.

महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस मला सगळ्यात आवडतात. अमावास्या तोंडावर असते, चंद्र पहाटेशिवाय येत नाही आणि गुच्छ माणसाने जागं राहावं अशा वेळेला वर असतो. फक्त जवळपास यात्रा भरत असेल तर त्या दिशेला जाऊ नका.

डोळ्यांवर स्वतःच टॉर्च मारणं

अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका पांढऱ्या स्क्रीनने ते सगळं पाण्यात जातं. दर दोन मिनिटांनी ॲप उघडून आकाशाकडे धरणाऱ्यांना मी दुर्बिणीजवळ उभं करत नाही. वाईट वाटलं तरी चालेल. नकाशा घरूनच कागदावर काढून आणा, टॉर्चला दोन-तीन पदर लाल जिलेटिन कागद रबराने बांधा. जागलीला बसलेल्या माणसाला आधी जाऊन सांगून या, नाहीतर रानडुक्कर समजून तो बॅटरीचा झोत तुमच्याच तोंडावर मारेल आणि त्यात त्याची चूक नसेल. मोटरच्या स्टार्टरवरचा दिवाही पोत्याने झाकायला सांगा, पण स्वतः हात लावू नका. वावराला झटका मशीनची तार आहे का हे उजेड असतानाच बघून घ्या.

पुसट डागाकडे थेट बघू नका, त्याच्या किंचित बाजूला बघा. नजरेच्या मधोमध असलेला भाग अंधारात कच्चा असतो, कडेचा भाग पक्का. तिरक्या नजरेने डाग उमटतो, सरळ बघितलं की विरतो. ही युक्ती एका रात्रीत जमत नाही. जमत नाही म्हणून मोठी दुर्बीण घेण्याचा विचार करू नका.

बारीकसारीक

मोबाईलमधला होकायंत्र मोटारसायकलला टेकून किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहून वापरला तर दिशा चुकीची दाखवतो.

न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून नकाशा उलटा धरा. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा असेल तर डावं-उजवं बदलतं, तिथे नकाशा उलटा धरून भागत नाही.

दव पडलं की आरसा किंवा भिंग ओढणीने, रुमालाने, शर्टाच्या टोकाने पुसू नका. कधीच नाही.

गरम खोलीतून काढलेली दुर्बीण अर्धा तास उघड्यावर ठेवा.

गुच्छ अगस्त्याजवळ शोधू नका. "दक्षिणेचा म्हणजे अगस्त्याच्या शेजारी" हे गृहीतक कुठून आलं देव जाणे. अगस्त्य १७ अंशांवर असतो, हा ३१ वर.

सरावाशिवाय थेट इथेच येणं

याच तारकासमूहात, पण आपल्यासाठी बऱ्याच उंचावर, मेसिए ४६ आणि ४७ ही जोडी आहे. अंतर तसंच, दीड अंशाच्या आत. सापळाही तसाच: ४७ तेजस्वी आणि विरळ, ४६ पुसट आणि दाट. ही जोडी ५५ अंशांवर मिळते, धुराचा त्रास कमी. आधी तिथे दोन-चार रात्री घालवा. ४७ वरून ४६ वर न चुकता सरकता आलं आणि ४६ मधले बारीक तारे वेगळे दिसायला लागले की मग खाली उतरा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत, कारण ४६-४७ 'सगळेच बघतात'.

या ४७ ची एक गोष्ट नोंद न ठेवणाऱ्यांसाठी. मेसिएने दोन्ही गुच्छ फेब्रुवारी १७७१ मध्ये पाहिले. ४७ ची जागा लिहिताना जवळच्या ताऱ्यापासूनच्या अंतराचं अधिक-उणे चिन्ह उलटं पडलं. त्याने दिलेल्या जागी गुच्छच नव्हता, आणि ४७ बराच काळ 'हरवलेला' म्हणून गणला गेला. विसाव्या शतकात तो नक्की कुठला हे ठरलं आणि १९५९ मध्ये टी. एफ. मॉरिस यांनी चिन्हाची गफलत दाखवून दिली. मेसिएसारख्या माणसाचं हे झालं, तर "पाहिला, मस्त" एवढं लिहिलेल्या वहीचं काय?

वहीत मी तारीख, वेळ, जागा, आयपीस आणि धूर किती होता हे लिहितो. मग एक वर्तुळ काढून त्यात गुच्छाआधी शेजारचे तारे टाकतो. २४७७ च्या वर्तुळात बी पपिस कुठल्या बाजूला होता हे आलंच पाहिजे. दक्षिण दिशा बाणाने दाखवायची, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी ते चित्र कसं धरायचं हे कोणालाच आठवत नाही. पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा सोबत हे वर्तुळ पाठवा. फोटो मी उघडणार नाही.